बारा प्रशिक्षकांचं अनुदान: नागपुरातल्या एका संस्थेचं प्रकरण

(संस्थेची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रकमा आणि तारखा थोड्याफार पुढे-मागे केल्या आहेत. तांत्रिक आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.)

पार्श्वभूमी

नागपूरच्या वेशीवरच्या एका औद्योगिक वसाहतीत चाळीसेक कारखान्यांनी मिळून एक नोंदणीकृत संस्था काढली होती. एका कारखान्यात गळती किंवा आग झाली, तर शेजारच्यांनी फोम, श्वसनसंच आणि माणसं घेऊन धावून जायचं, हा तिचा मूळ उद्देश. पत्र्याची एक शेड, अर्ध्या एकराचं मैदान, दोन कर्मचारी एवढाच पसारा.

कायद्याच्या बाजूने कामाला तोटा नव्हता. घातक रसायनांबाबतच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्याला दर सहा महिन्यांनी अंतर्गत आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम घ्यावी लागते. कारखान्याबाहेरच्या आराखड्याची तालीम वर्षातून एकदा. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट नेमले. घातक माल नेणाऱ्या टँकरचालकाला मोटार वाहन नियमांखाली तीन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. या सगळ्यासाठी शिकवणारा माणूस लागतो. तो बाहेरून यायचा, दिवसभरात दीडशे स्लाइड दाखवायचा, प्रमाणपत्रं वाटून संध्याकाळच्या गाडीने परत जायचा.

राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे, एनडीआरएफची अकादमी इथेच आहे, स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या परवान्यांचं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर. पण या संस्था देशभरातल्या अधिकाऱ्यांसाठी आहेत. बर्फाच्या कारखान्यातल्या रात्रपाळीच्या ऑपरेटरला अमोनियाचा व्हॉल्व्ह कोणत्या क्रमाने बंद करायचा, हे त्याच्या पाळीच्या वेळेत, त्याच्या भाषेत सांगणारा माणूस वसाहतीतच तयार व्हायला हवा होता.

अडचण

केंद्राच्या एका योजनेतून प्रशिक्षक घडवण्यासाठी सहायक अनुदान मिळण्याची शक्यता दिसली. कमाल २८ लाख रुपये, दोन हप्त्यांत, १२ महिन्यांत खर्च करायचे. प्रस्तावाचा नमुना पाहिल्यावर पहिली पंचाईत झाली. फलनिष्पत्तीच्या तक्त्यात एकच रकाना होता: ‘प्रशिक्षित व्यक्तींची संख्या’.

ज्या योजनेचं नाव प्रशिक्षक घडवण्याचं, तिचं मोजमाप मात्र डोक्यांचं. अशा रकान्यात ६०० लिहिणारा १२ लिहिणाऱ्यापेक्षा साहजिकच उजवा दिसतो. संस्थेचा पहिला मसुदा ६०० चाच होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय तोच: वीस वर्ग, प्रत्येकी तीस माणसं, एक दिवस. मंजुरी सोपी, हिशेब सोपा, फोटो भरपूर. पण वर्ष संपल्यावर वसाहतीत एकही नवा शिकवणारा उरला नसता.

दुसरा पर्याय बारा जणांना बाहेरच्या नामांकित अभ्यासक्रमाला पाठवण्याचा. शुल्क आणि प्रवासातच बराचसा पैसा गेला असता. माणसं शिकून आली असती; पण शिकणं आणि शिकवणं यांत अंतर असतं. शिवाय परत आल्यावर सराव करायला इथे ना रसायनांपासून वाचवणारा सूट, ना टनर (क्लोरीनची मोठी टाकी).

तिसरा पर्याय राज्याच्या अग्निशमन यंत्रणेमार्फत जाण्याचा. अग्निशमन सेवांच्या विस्तार आणि आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आणली. पैसा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतल्या ‘पूर्वतयारी आणि क्षमताबांधणी’ या वाट्यातला, बहुतेक राज्यांचा हिस्सा २५ टक्के. पण ती योजना राज्यांसाठी. खासगी संस्थेला त्यात फार तर प्रशिक्षणाची जागा देता आली असती, प्रस्ताव नाही.

चर्चेत अमेरिकेचंही उदाहरण निघालं. तिथे घातक मालाच्या प्रशिक्षकांसाठी वेगळं संघीय अनुदान आहे. ते ना-नफा संस्थांना मिळतं आणि त्याचा पैसा घातक माल पाठवणाऱ्या व वाहणाऱ्या कंपन्यांच्या नोंदणी शुल्कातून येतो. तुलना आकर्षक होती. अर्ज भरायला तिचा उपयोग नव्हता. तिथला एक धागा मात्र घेतला: शिकणाऱ्यांच्या पायऱ्या. ओळखून दूर राहणारा, बाहेरून आवर घालणारा, आत जाऊन गळती बंद करणारा आणि घटनास्थळाचं नेतृत्व करणारा. कोणता प्रशिक्षक कोणत्या पायरीपर्यंत शिकवेल, हे आधीच ठरवलं.

निवडलेला पर्याय चौथा: इथेच बारा जण, दोन टप्प्यांत. आधी दहा दिवसांचा अभ्यासक्रम. मग प्रत्येकाने सहा वर्ग घ्यायचे आणि त्यातल्या किमान तीन वर्गांत मागच्या बाकावर एक अनुभवी निरीक्षक बसलेला असायचा. संख्येच्या रकान्यात ‘१२ प्रशिक्षक, त्यांच्या ७२ वर्गांतून पुढे तयार होणाऱ्या व्यक्ती’ असं लिहून सोबत एक पानी टिपण जोडलं. छाननीत विचारणा झाली, पण प्रस्ताव टिकला.

माणसं निवडताना

कारखान्यांकडून आणि सार्वजनिक सेवांकडून ३१ नावं आली. त्यातली निम्मी ‘पाठवायला मोकळी’ माणसं होती. ज्याच्यावाचून पाळी अडत नाही, त्यालाच प्रशिक्षणाला पाठवायची रीत जुनी आहे.

चाळणी तीन प्रकारे लावली. निवृत्तीला किमान तीन वर्षं हवीत. श्वसनसंचाचा मुखवटा चेहऱ्याला हवाबंद बसायला हवा. दाढी असेल तर तो बसत नाही आणि यावर वाद घालून उपयोग नसतो. तिसरी चाळणी दहा मिनिटांची: आपल्या रोजच्या कामातली एखादी गोष्ट समोरच्याला शिकवून दाखवायची, भाषा कोणतीही. याच चाळणीत दोन पदवीधर सुरक्षा अधिकारी गळाले आणि पाणी शुद्धीकरण केंद्रावरचा दहावी पास ऑपरेटर वर आला. त्याने चहाच्या कपात साबणाचं पाणी घेऊन गॅसगळती कशी शोधायची, ते दाखवलं होतं.

शेवटी पाच जण कारखान्यांचे, तीन अग्निशमन सेवेतले, दोन पाणीपुरवठ्याचे, एक शीतगृहाचा आणि एक वाहतूकदाराकडचा ज्येष्ठ चालक. प्रत्येकाच्या मालकाकडून पत्र घेतलं: दोन वर्षांत वर्षाला सहा दिवस शिकवण्यासाठी भरपगारी मोकळीक.

पैसा आला फेब्रुवारीत

प्रस्ताव ऑगस्टमध्ये गेला, मंजुरीचा आदेश डिसेंबरअखेर निघाला आणि ६० टक्क्यांचा पहिला हप्ता, म्हणजे १६ लाख ८० हजार, १९ फेब्रुवारीला खात्यात पडला. आर्थिक वर्ष संपायला चाळीस दिवस उरले होते आणि नागपूरचा उन्हाळा त्याच्याही आधी दारात होता.

इथे निर्णय घ्यायचा होता. एक मत असं की मिळेल ते साहित्य उचलून ३१ मार्चच्या आत बिलं लावावीत. दुसरं मत असं की शिल्लक पुढच्या वर्षात नेण्याची लेखी परवानगी मागावी आणि खरेदी नीट करावी. संस्थेने दुसरा मार्ग धरला, १० मार्चला पत्र दिलं आणि २७ मार्चला परवानगी आली. सतरा दिवस कोषाध्यक्षांची झोप उडाली असणार. पण हा निर्णय बरोबर होता, हे पुढच्या खरेदीत दिसलं.

निविदेत साहित्याचं वर्णन ‘केमिकल प्रोटेक्शन सूट, ४ नग’ एवढंच केलं होतं. सर्वांत कमी दराने जो नमुना आला तो शिंतोड्यांपासून वाचवणारा साधा पीव्हीसी सूट. मनगटाला इलॅस्टिक, मानेपाशी फट. क्लोरीनच्या ढगात तो रेनकोटाच्या लायकीचा. पण वर्णनात बसत असल्याने पुरवठादाराला दोष देता येईना. निविदा रद्द करून नव्याने काढली, त्यात २४ दिवस गेले. नव्या वर्णनात लिहिलं: वायुरोधक, युरोपीय मानक ईएन ९४३ भाग २, प्रकार १ए, म्हणजे श्वसनसंच सुटाच्या आत, सोबत हातमोजे जोडण्याची कडी, बूट आणि प्रत्येक सुटाचं दाबचाचणी प्रमाणपत्र. घाईत बिलं लावली असती तर चार रेनकोट मालमत्ता नोंदवहीत कायमचे चढले असते. अनुदानातून घेतलेली वस्तू मंजुरीशिवाय विकताही येत नाही आणि टाकताही येत नाही.

मंजूर रकमेची विभागणीही जड गेली: १७ लाख भांडवली मालमत्तेसाठी, ११ लाख सर्वसाधारण खर्चासाठी. एका शीर्षाखालचे पैसे दुसरीकडे वळवायचे तर पुन्हा मंजुरी. प्रस्ताव लिहिताना यंत्रं आठवतात, यंत्रांचं खाणं आठवत नाही. वायुरोधक सुटाची दाबचाचणी पेटी, क्लोरीन शोधकाचा कॅलिब्रेशन गॅस (शोधक अचूक आहे का ते तपासायचा वायू), सिलिंडर भरण्याचा खर्च, व्हॉल्व्हच्या झिजणाऱ्या पडद्या आणि वायसर: यातलं काहीही अंदाजपत्रकात नव्हतं. क्लोरीनचा सेन्सर साधारण दोन वर्षांत मरतो, वापरा अथवा न वापरा. त्याचा कॅलिब्रेशन गॅसही फार दिवस टिकत नाही, आणि साध्या रबरी नळीतून सोडला तर नळीच तो पिऊन टाकते. टेफ्लॉनची नळी लागते.

सूट जुलैत आले. चाचणी पेटी एका सदस्य कारखान्याकडून उसनी आणली. पद्धत अशी: सूट १७.५ मिलिबारपर्यंत फुगवून ताणू द्यायचा, मग दाब १६.५ वर आणून सहा मिनिटं थांबायचं. घट ३ मिलिबारपेक्षा जास्त नको. तीन सूट पास झाले. चौथा चार मिनिटांतच १२ वर उतरला. शिवणींवर साबणाचं पाणी फिरवलं, काही नाही. बुडबुडे आले ते डोक्यामागच्या उच्छ्वास व्हॉल्व्हजवळ. पडदी काढून पाहिली तर बैठकीवर वाळूचा एक कण. पुसून नवी पडदी बसवली, सूट पास झाला. कोऱ्या वस्तूचीही चाचणी का करायची, हे त्या एका कणाने बारा जणांना कायमचं पटवलं.

मैदानावर

वर्गातले पाच दिवस मार्चमध्ये उरकले. मैदानावरचे पाच दिवस लगेच घ्यावेत का, यावर खल झाला. मार्चअखेर नागपुरात पारा चाळिशीला टेकतो. वायुरोधक सुटात घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे शरीराला थंड व्हायला वाटच उरत नाही. निर्णय असा झाला: टनरची ओळख, हॅझकेम पाट्या (घातक मालाच्या गाडीवरच्या सांकेतिक पाट्या) आणि वाऱ्याची दिशा हे सगळं मार्चमध्येच, पहाटे सहा ते साडेआठ; सुटातलं काम डिसेंबरमध्ये. त्यासाठी सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली, जादा पैसा न मागता. ती मिळाली.

सरावासाठी पुरवठादाराकडून क्लोरीनचा पिवळा टनर मागवला. भरलेला असताना त्यात ९०० किलो द्रव क्लोरीन असतो. ‘रिकामा’ म्हणून आलेल्या टनरचा व्हॉल्व्ह तपासताना शोधकाने आवाज दिला. क्लोरीनच्या धंद्यात रिकामा म्हणजे द्रव संपलेला; उरलेला वायू आतच असतो. टनर तसाच परत पाठवून धुतलेला आणि वायुमुक्त असल्याचा लेखी दाखला असलेला मागवला. सरावाची गळती दोन बार दाबाच्या साध्या हवेने आणि साबणाच्या पाण्याने करायची ठरली.

अभ्यासक्रमातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास एका चुकीतून मिळाला. सरावपाठ सुरू होता. अग्निशमन सेवेतला एक होतकरू प्रशिक्षक टँकरवरची पाटी वाचून दाखवत होता: १०१७ (क्लोरीनचा क्रमांक), २एक्सई. दोन म्हणजे पाण्याचा बारीक फवारा, एक्स म्हणजे पूर्ण सूट आणि गळती अडवून धरा, ई म्हणजे परिसर रिकामा करायचा विचार करा. इथपर्यंत बरोबर. मग तो टनरकडे वळून म्हणाला, “तर आपण इथं फवारा मारायचा,” आणि बोट गळक्या व्हॉल्व्हवर ठेवलं. शीतगृहाच्या ऑपरेटरने विचारलं, “भाऊ, गळतीवरच मारायचं का?” उत्तर आलं, “पाटीवर पाणी लिहून आहे ना.”

निरीक्षकाने पाठ थांबवला. ओला क्लोरीन लोखंड खातो. गळतीच्या तोंडावर पाणी पडलं की भोक मोठं होत जातं. शिवाय पाण्यातली ऊब मिळाल्याने द्रव आणखी वेगाने उकळतो. फवारा मारायचा तो दूर सरकलेल्या ढगाच्या वाटेत, टनरपासून लांब. टनर मात्र फिरवायचा: गळकी जागा वर आली की द्रवाऐवजी वायू बाहेर पडतो. एक माप द्रवातून साधारण ४६० मापं वायू होतो, म्हणून एवढ्या एका हालचालीने गळतीचा जोर खूपच कमी होतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकाखाली एक उभ्या रेषेत असले, तर वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. टनरच्या टोकांवरचे फ्युजिबल प्लग (सुरक्षेची बुचं) ७० ते ७४ अंशांना वितळतात, तेव्हा गळतं भांडं उन्हात किंवा आगीजवळ ठेवणं किती महागात पडेल, हेही तिथेच निघालं.

हा प्रशिक्षक चुकीचं वाचत नव्हता. पाटी काय म्हणते ते त्याला पाठ होतं. पाटी कुणाला उद्देशून आणि कुठल्या क्षणासाठी बोलते, ते कुणी सांगितलं नव्हतं. एकदिवसीय वर्गात ही चूक कुणाच्या लक्षात आली नसती, कारण तिथे तो ऐकणारा असता. बोलायला लागला म्हणून चूक बाहेर आली.

डिसेंबरच्या फेऱ्यांत हवेचा हिशेब प्रत्येकाने फळ्यावर मांडला. ६.८ लिटरचा, ३०० बारचा सिलिंडर कागदावर २,०४० लिटर देतो. हवा संपत आल्याची शिट्टी ५५ बारला वाजते, म्हणजे वापरायला २४५ बार, १,६६६ लिटर. मेहनतीच्या कामात मिनिटाला ५० लिटर धरले तर ३३ मिनिटं. जाण्याची चार, परतण्याची चार आणि डीकॉनची, म्हणजे बाहेर धुतलं जाईपर्यंतची, दहा वजा केली की कामाला पंधरा. सिलिंडरवर चाळीस मिनिटं लिहिलेली असतात. पुष्कळ जणांच्या डोक्यात तेवढीच असतात.

प्रत्येक फेरीनंतर बसल्याबरोबर नाडी मोजली. ११० च्या वर असेल तर पुढची फेरी एक तृतीयांशाने लहान. आधी आणि नंतर वजन. दीड टक्क्याहून जास्त घट म्हणजे पाणी कमी पडलं. डिसेंबरच्या सकाळीही दोघांची फेरी कापावी लागली.

उपयोगिता प्रमाणपत्र परत आलं

सुटांची बिलं चुकती झाल्यावर पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचा जीएफआर १२-ए नमुन्यातला दाखला, ऑगस्टमध्ये पाठवलं. तीन आठवड्यांनी परत आलं. संस्थेने अनुदानासाठी वेगळं खातं न काढता जुन्याच बचत खात्यात पैसे ठेवले होते. त्यावरचं व्याज संस्थेच्या उत्पन्नात जमा झालं आणि प्रमाणपत्रात दिसलंच नाही. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या नियम २३० प्रमाणे अनुदानावरचं व्याज भारताच्या संचित निधीत भरावं लागतं. मिसळलेल्या खात्यातून अनुदानाचं व्याज वेगळं काढायला सनदी लेखापालाला दिवसवार शिलकीचा तक्ता करावा लागला. रक्कम पंचवीस हजारांच्या आत. ती सरकारच्या भारतकोश पोर्टलवर भरून, चलन जोडून प्रमाणपत्र पुन्हा पाठवलं. दुसरा हप्ता नोव्हेंबरच्या मध्यावर आला. महिनाभर उशीर झाला असता तर डिसेंबरचं मैदान हुकलं असतं आणि पुढचा थंड महिना गाठायला वर्ष लागलं असतं.

निष्पत्ती

बारापैकी नऊ जण निरीक्षणाखालचे वर्ग पूर्ण करून प्रशिक्षक ठरले. दोघांची बदली झाली; पैकी एक नव्या जागी शिकवतो असं कळतं. तिसऱ्याला सगळं येत होतं, पण तीन निरीक्षणांनंतरही तो समोरच्याला बोलू देईना. त्याला प्रशिक्षक न म्हणता उपकरणांची जबाबदारी दिली, आणि ती तो उत्तम सांभाळतो.

मुदत संपल्यावर पहिल्या सहा महिन्यांत नऊ जणांपैकी सातच नियमित शिकवत होते. उरलेल्या दोघांच्या मालकांची पत्रं होती, मोकळीक नव्हती. पत्रात ‘सहा दिवस’ लिहिलं होतं, ‘कोणते’ ते नव्हतं. पाळीच्या तक्त्यात ते कधी उतरलेच नाहीत.

सगळ्यात जास्त मागणी आली ती टँकरचालकांच्या वर्गाला. तो वर्ग ज्येष्ठ चालक हिंदीत घेतो, वाहतूकदाराच्या आवारातच, गाडीच्या मागच्या पाटीसमोर उभं राहून. ३वायई म्हणजे फोम, २पी म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, असं पाठांतर तो करून घेत नाही. आधी विचारतो, “हवा किधर से है?” आणि उत्तर येईपर्यंत पुढे जात नाही.

पुन्हा करायचं झाल्यास

बारा हवे असतील तर सोळा निवडावे लागतील. अनुदानासाठी पहिल्याच दिवशी वेगळं खातं काढायचं. साहित्याची तांत्रिक वर्णनं मंजुरीची वाट न बघता, प्रस्तावाबरोबरच लिहून ठेवायची. प्रत्येक यंत्राच्या ओळीखाली त्याच्या दोन वर्षांच्या खाण्याची ओळ हवी, आणि ती सर्वसाधारण शीर्षात. मालकाच्या पत्रात तारखा हव्यात.

आणखी एक गोष्ट वादाची राहिली आहे. सुटातलं काम सगळ्या बारा जणांकडून करून घ्यायची गरज होती का? पाणीपुरवठा आणि अग्निशमन सेवेच्या पाच जणांना ती होती. टँकरचालकांना शिकवणाऱ्याला नव्हती. त्याच्या शिकणाऱ्यांनी करायचं काम म्हणजे गाडी थांबवणं, वाऱ्याच्या उलट दिशेने दूर होणं, लोकांना अडवणं आणि फोन करणं. भांडवली पैशाचा मोठा भाग सुटांवर गेला तो सगळ्यांना एकाच पायरीवर चढवायच्या हट्टापायी. दोन सूट कमी घेतले असते तर चाचणी पेटी बसली असती.

पुढच्या प्रस्तावाचा मसुदा तयार आहे. त्यात सूट नाहीत. एक चाचणी पेटी आहे, सेन्सर आहेत, आणि निरीक्षकाच्या मानधनाचे ५४ दिवस: नऊ प्रशिक्षक, प्रत्येकी सहा वर्ग. संख्येचा रकाना तसाच आहे. त्यात या वेळी ‘९’ लिहिलं आहे.